पारोशी चूल

त्या कागदावर मी सही केली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला उगाच घोर नको. सही मागणारे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. आमच्या ओसरीवर बसून बिनसाखरेचा चहा घेत होते आणि प्रत्येक वाक्याला 'ताई' म्हणत होते. तरी सही मी केली नाही. आज कुणी तोच कागद परत पुढं केला तर आजही करणार नाही.

गाव आमचं आष्टीच्या बाजूचं, कापसाचं. कापूस वेचून संपला की पऱ्हाट्या उपटायच्या, त्यांची गंजी लावायची आणि वर्षभर त्याच चुलीत घालायच्या. तूर निघाली की तुराट्या. पावसाळ्यात गोवऱ्या. गॅस आहे की घरात, नाही असं नाही. कोपऱ्यात फडकं पांघरून उभा आहे. पाहुण्याचा चहा त्याच्यावर होतो. टाकी संपली की ती आणायची आठवण घरातल्या पुरुषांना सणाच्या आदल्या दिवशी होते. बाकी दोन वक्ताच्या भाकरी चुलीवर. ज्वारीची भाकर तव्यावरून काढून आराला, निखाऱ्यांपुढं, उभी केल्याशिवाय फुगत नाही, आणि न फुगलेली भाकर आमच्या आत्याबाई ताटात घेत नाहीत.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. त्यांच्याइतकी स्वच्छ बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि हे मी कौतुकानं नाही, वैतागून सांगते. त्यांच्या राज्यात पहाटे चुलीला पोतेरं फिरल्याशिवाय काडी ओढायची नाही. पांढऱ्या मातीत थोडं शेण कालवायचं, फडक्याचा बोळा त्यात बुडवायचा आणि चूल तोंडापासून बुडापर्यंत पुसून घ्यायची. वर हळदीकुंकवाचं बोट, बाजूला रांगोळीच्या दोन रेघा. एवढं झालं की चूल न्हाली. नाही झालं तर ती पारोशी, बिनअंघोळीची, आणि पारोश्या चुलीवरचं अन्न आत्याबाईंच्या घशाखाली उतरत नाही. लग्न होऊन मला दोन दिवस झाले होते, झोपेच्या तंद्रीत मी तशीच चूल पेटवली. त्यांनी एक शब्द न बोलता पेटत्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. त्या धुरानं घरातले सगळे पाहुणे खोकत उठले. माझी सासरची पहिली चूल सगळ्या नात्यागोत्यात अशी गाजली.

आता त्यांच्या डोळ्याचं सांगते, कारण ही सगळी गोष्ट त्या एका डोळ्याची आहे. डाव्या डोळ्यात कधीचंच फूल पडलेलं, त्यानं काही दिसत नाही. उजव्यात मोतीबिंदू झाला. जालन्याला नेऊन ऑपरेशन केलं. डॉक्टरीणबाई पट्टी काढताना स्पष्ट बोलल्या, "आजी, हा एकच डोळा आहे तुमच्याकडे. धुरापाशी बसायचं नाही. हा गेला तर मी दुसरा कुठून आणू?" आत्याबाईंनी मान डोलावली. आणि परतीच्या एसटीत मला म्हणाल्या, "बाई शिकली लई, पण हिनं चूल पेटवलेली दिसत न्हाई."

घरी आल्यावर आठ दिवस बसल्या गप. नवव्या दिवशी पुन्हा चुलीपुढं. मी पीठ हातातून ओढून घ्यायची, त्या परत ओढायच्या. "तुझी भाकर म्हणजे चामडं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि समजा मी त्यांना उठवलं, तरी काय? घर दीड खणाचं. धूर काय चुलीपुढच्या बाईलाच ओळखतो का? सगळ्या घरात तो फिरायचा. त्यांच्या डोळ्याला धार लागायची, त्या पदरानं पुसायच्या, आणि डोळा आणखी लाल व्हायचा.

अशात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एका संस्थेची माणसं आली. म्हणाली, निर्धूर चूल देतो, लाकूड निम्मं लागतं, धूर पाइपातून वर जातो, गावातल्याच एका बाईला बांधायला शिकवतो. मी हात वर केला. बाकीच्या बायकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जणू परतूरच्या बाजारात एकटीच नाचायला निघाले. मी गेले परतूरला, आठ दिवस शिकले. चूल साधी होती. समोर लाकूड घालायला तोंड, आत लोखंडी जाळी, वर दोन भांड्यांची जागा, मागं पाइप. आणि जाळीच्या खाली, अगदी जमिनीलगत, दोन्ही अंगाला दोन-दोन अशी बोटभर चार भोकं. तिथून वारा आत जातो आणि लाकूड पुरतं जळतं. सगळी करामत त्या चार भोकांची. पाइप महिन्याला झाडा, राख रोज काढा, ओलं जळण घालू नका, असं जे जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. वही अजून आहे.

पहिली चूल आमच्याच घरात बांधली. जुनी मी माझ्या हातानं फोडली. ती आत्याबाईंच्या सासूच्या हातची होती. आत्याबाई उंबऱ्यात बसून रडल्या, अगदी घरातलं माणूस गेल्यागत. रडता रडता मला विचारलं, "आणि हिच्यातून बी धूर निघाला तर?"

"निघाला तर तुम्ही म्हणाल तो दंड," मी म्हणाले. "तुमचा डोळा मी जाऊ देणार नाही. लिहून देऊ का?"

"मला वाचता कुठं येतं," त्या म्हणाल्या आणि नाक शिंकरलं.

पहिला महिना काय सांगू! चूल पेटली आहे की नाही हे वाकून बघावं लागायचं. पऱ्हाट्यांची गंजी खाली जाईना. आत्याबाईंचा डोळा निवळला, त्या सुईत दोरा ओवायला लागल्या, आणि ओवून झाला की सगळ्यांना दाखवायला लागल्या. गावातून बायका बघायला यायच्या. संस्थेनं दिलेल्या पत्र्याच्या साच्यावर मी त्या हंगामात बावीस चुली बांधल्या. माती कालवून कालवून माझ्या नखांचा रंगच बदलला. बायका मला 'चूलवाली' म्हणायला लागल्या आणि मी ऐटीत चालायला लागले. कबूल करते, डोक्यात हवा गेली होती.

दसरा झाला, दिवाळी झाली, आणि धूर परत आला. आधी थोडा, मग चांगलाच. लाकूड नुसतं धुमसायचं, जाळ धरायचं नाही. आधी वाटलं, जळण ओलं आहे. मग वाटलं, पाइप चोंदला. मी तीनदा पत्र्यावर चढून पाइप झाडला, खाली उतरले ती बुक्का फासल्यागत काळी. धूर तिथंच. आणि एकट्या आमच्याच घरी नाही, सगळ्यांच्या घरी. पाण्याला गेले की बायका एकमेकींना म्हणायच्या, "चूलवाली आली गं, डोळे पुसा!" एक तर तोंडावर म्हणाली, "आमची जुनी चूल धूर करायची पण पोटाला टायमावर घालायची. तुझी ही सवत धूर करते ती करते, वर उपाशीही ठेवते." मी घागर उचलून निघायची. घरी आले की आत्याबाई लाल डोळ्यानं भाकरी थापत बसलेल्या. टोमणा मारत नव्हत्या, हेच जास्त लागायचं. जालन्याला दाखवायला नेलं तर डॉक्टरीणबाई माझ्यावरच उखडल्या, "अहो, बुबुळाला जखम व्हायला लागलीय. एक महिना असंच चाललं तर मला काही करता येणार नाही." एसटीत आत्याबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "बघून घेते गं जरा. कापूस लई आलाय औंदा."

मी पदर तोंडाशी धरून रडले, त्यांना दिसणार नाही अशा बाजूला तोंड करून.

त्यात संस्थेचा निरोप आला. साहेब पाहणीला येणार. ज्या गावात चुली धूर करतात तिथल्या 'बंद' धरायच्या, जाळ्या आणि पाइप काढून दुसऱ्या गावाला न्यायचे. पाहणीच्या आधी मी घरोघर जाऊन एक तक्ता भरायचा: धूर येतो, होय की नाही. मी निघाले. होय, होय, होय. एकवीस घरं झाली आणि एकवीस वेळा मी माझ्याच हातानं 'होय' लिहिलं. उरलं एक, मागच्या गल्लीतल्या चुलत जावेचं. तिथं जायचंच जिवावर आलं होतं. कारण त्या जावेच्या घरातलं पाणीसुद्धा आत्याबाई घेत नसत. "पारोशी," एवढंच म्हणायच्या तिला. ती दिवस उगवायच्या आत दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जायची. चार भाकरी बडवायच्या, फडक्यात बांधायच्या आणि पळायचं. तिला कुठलं पोतेरं आणि कुठली रांगोळी? सगळी गल्ली तिला नावं ठेवायची, आणि खरं सांगते, मीही ठेवली आहेत. मला वाटलं, न्हालेल्या चुलींची ही गत, तर हिच्या चुलीची काय असेल!

आष्टीच्या बाजाराचा दिवस होता, मजुरीला सुट्टी, म्हणून ती घरी सापडली. मी आत गेले आणि उभीच राहिले. चुलीवर कालवण रटरटत होतं, आणि धूर नव्हता. बिलकुल नव्हता. भिंतीवर चुना जसाच्या तसा. मी तिला विचारलं, "काय करतेस गं तू या चुलीला?"

"मी?" ती हसली. "मला टाइम कुठंय काही करायला? तू बांधून गेल्तीस तशीच हाय."

मी खाली बसले. चूल मळकी, कडेला पीठ सांडून वाळलेलं. आणि बुडाशी चार भोकं. चारही उघडी, त्यातून थोडी राख भुरभुरत बाहेर आलेली.

मी उठले. तशीच घरी पळत आले आणि आमच्या चुलीच्या बुडाशी हात फिरवला. भोकं नव्हतीच. गुळगुळीत पांढरीशुभ्र चूल. विळ्याच्या टोकानं खरवडलं तर एक पापुद्रा निघाला, खाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. मधेच लाल गेरू निघाला, तो दिवाळीचा. त्याच्याखाली हिरवट शेणाचा थर, तो दसऱ्याचा. घटस्थापनेच्या सारवणाखाली भोक सापडलं. रोज पहाटे एक हात, असे महिने. गावातल्या एकवीस बायकांनी नव्या चुलीची इतकी निगा राखली, इतकी राखली की तिचं नाकच बुजवून टाकलं. आणि जी निगा राखत नव्हती तिची चूल तेवढी धडधडीत चालू! मी तिथं जमिनीवर बसून मोठ्यानं हसले. मग स्वतःचा असा राग आला की विळा भिंतीवर फेकला. लग्न होऊन आल्यापासून मी त्याच पोतेऱ्यात हात बुडवते आहे. परतूरला शिकवणाऱ्यांच्या घरी गॅस होता, त्यांना नाही सुचलं. मला का नाही सुचलं? आठ दिवस वहीत लिहीत बसले आणि घरचं पोतेरं घरी ठेवून गेले होते, दुसरं काय.

मला वाटलं, झालं, सापडलं कारण, संपला धूर. कसलं काय. आत्याबाई घरात आहेत हे मी विसरले.

"भोकाला हात लावायचा नाही, बाकी चूल सारवा," मी सांगितलं.

"म्हंजे बूड पारोसं ठेवायचं?"

"होय."

"अर्ध्या अंगाची अंघोळ कुणी करतं का? मला काय सांगून राह्यलीस?"

दुसऱ्या दिवशी पहाटे चारही भोकं बुजलेली. मी खिळ्यानं मोकळी केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बुजलेली. मी पुन्हा मोकळी केली, तर त्या ओरडल्या, "माझ्या चुलीला भोसकून राह्यली ही बया!" माझे सासरे ओसरीवर बसून दोघींकडं आळीपाळीनं बघायचे आणि काही न बोलता शेताकडं निघून जायचे. शहाणा माणूस. साहेब यायला चार दिवस राहिले होते. आत्याबाईंचा डोळा सुजून अर्धा मिटलेला. आणि त्या डोळ्यानं त्या भोकं शोधून शोधून लिंपत होत्या!

चौथ्या सकाळी माझं डोकं फिरलं. त्यांनी चूल सारवली, पेटवली, धूर कोंदला, त्यांनी पदर डोळ्याला लावला. मी तांब्या उचलला आणि पेटत्या चुलीवर पाणी ओतलं. लग्नानंतर त्यांनी माझ्या चुलीवर ओतलं होतं तसंच, एक शब्द न बोलता. मग बोलले. "तुम्ही माझ्याबरोबर मागच्या गल्लीत येत नाही तोवर या घरात चूल पेटणार नाही. मी पेटवू देणार नाही. घरातल्या सगळ्यांनी उपाशी राहा. तुम्हाला चूल न्हालेली पाहिजे, मला तुमचा डोळा पाहिजे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. सासूला असं बोलणारी सून आमच्या गल्लीत तोवर झाली नव्हती. सासरे ओसरीवरून पहिल्यांदा बोलले, "जाऊन या की. मला भूक लागलीय."

जावेच्या घरी लगेच सांगावा धाडला, ती वेचणीला निघायची थांबली. आत्याबाई तिच्या उंबऱ्याशी थांबल्या, पदर नाकाला लावून. जाऊ तवा ठेवता ठेवता म्हणाली, "या काकू. माझी चूल पारोशीच हाय बरं का. आधीच सांगते, मंग म्हणाल सांगितलं न्हाई." इतक्या वर्षांचं सगळं उट्टं तिनं त्या एका वाक्यात काढून घेतलं. काकूंनी नाकावरचा पदर सोडला. आत आल्या. बसल्या. जाऊ भाकर थापायला लागली. आत्याबाईंनी आधी भिंतीवर बोट ओढून बघितलं, बोटाला काजळी नाही. मग वाकून चुलीचं बूड बघितलं. मग नुसत्या बसून राहिल्या. चार भाकरी झाल्या तोवर बसल्या, अगदी चुलीच्या तोंडाशी. पदराला हात गेला नाही. मी त्यांचा डोळाच बघत होते, दुसरं काही नाही. डोळा कोरडा होता.

पाचवी भाकर आराला लावली ती टम्म फुगली. आत्याबाईंनी हात पुढं केला. "चतकोर दे," त्या म्हणाल्या.

जाऊ माझ्याकडं बघायला लागली. तिनं भाकर मोडली आणि चतकोर त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती कोरडीच खाल्ली. खाऊन झाल्यावर तिच्याच तांब्यानं पाणी प्याल्या. जाऊ तोंड फिरवून पीठ मळायला लागली. भाकरी सगळ्या झाल्या होत्या, परातीत पीठ उरलेलंच नव्हतं.

वाटेनं आत्याबाई माझ्यापुढं झपझप चालल्या. घरी आल्या, चुलीपुढं बसल्या, आणि मला म्हणाल्या, "कणगीला लिंपतो तवा धान्य काढायच्या तोंडाला बोळा घालतो का न्हाई? वाळलं की काढतो. मंग हिला बी घाल की! सरळ सांगायचं सोडून पाणी ओतत बसलीस."

त्यांनी स्वतःच एक तुराटी मोडून चार तुकडे केले, वर फडक्याची चिंधी गुंडाळली, चार भोकांत चार बसवले. मग चूल न्हाऊ घातली, वरपासून बुडापर्यंत, आपल्या समाधानानं. तुकडे ओढून काढले. भोकं जिथल्या तिथं. पेटवली. धूर नव्हता. आयुष्यभर कणगी लिंपणाऱ्या बाईला जे एका मिनिटात सुचलं ते परतूरच्या आठ दिवसांत कुणाला सुचलं नव्हतं, मला धरून. पुढचे तीन दिवस मी आणि आत्याबाई घरोघर फिरलो. मी खरवडायची, त्या बोळा कसा घालायचा ते दाखवायच्या, आणि वर प्रत्येक बाईला म्हणायच्या, "पारोशी ठेवायची न्हाई बरं का."

मग साहेब आले. बसले, चहा घेतला, पिशवीतून छापलेला कागद काढला. आधीच्या आठवड्यात त्यांचा माणूस येऊन बुजलेल्या भोकांचे फोटो काढून गेला होता, हे मला तेव्हा कळलं. कागदावर लिहिलेलं होतं की लाभार्थी महिलांनी निष्काळजीपणे हवेची छिद्रे बुजवल्यामुळे या गावातील चुली बंद पडल्या असून साहित्य परत घेण्यास हरकत नाही. खाली माझ्या सहीची जागा.

"फक्त फॉर्मॅलिटी आहे, ताई," साहेब म्हणाले. "तुमच्यावर काही येत नाही. तुमचं काम चांगलंच आहे. अंबडकडे पुढच्या चुली बांधायच्यात, तिथं तुम्हालाच घेणार आहोत. दोष बायकांचा आहे."

"कोणता शब्द लिहिलाय हा?" मी बोट ठेवलं.

"निष्काळजीपणे."

"साहेब, या बायका दिवस उगवायच्या आत उठून त्या चुलीला अंघोळ घालत होत्या. स्वतःच्या अंघोळीच्या आधी. आणि तुम्ही लिहिता निष्काळजी? तुम्ही विचारलंत का कधी, की बाई, तू तुझ्या चुलीला रोज काय करतेस? मी विचारलं का? नाही विचारलं. मी तर त्यांच्यातलीच. मग लिहा की, बांधणारीनं विचारलं नाही आणि शिकवणाऱ्यानंही विचारलं नाही. त्याच्यावर सही करते. आत्ता करते."

"तसा रकाना नाही ना, ताई, यात."

"मग माझी सहीही नाही."

तेवढ्यात आतून आवाज आला, "साहेबांना आत पाठव. चप्पल काढून यायला सांग."

साहेब आत गेले, चुलीपुढं पाटावर बसले. आत्याबाईंनी त्यांच्यादेखत बोळे घातले, पोतेरं फिरवलं, बोळे काढले, पऱ्हाट्या पेटवल्या आणि भाकरी थापल्या. साहेबांनी वाकून भोकं बघितली, वर पाइप बघितला, आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "खरंच, धूर नाही."

"न्हाई ना?" आत्याबाईंनी तवा उतरवला. "मंग जाळी काय म्हणून काढून नेता? मला एकच डोळा हाय, साहेब. तुमच्या कागदापायी तो देऊ?"

साहेबांनी फुगलेली भाकर ठेच्याबरोबर खाल्ली. कागद पिशवीत घातला. सहीशिवाय साहित्य नेता येत नाही, हा त्यांचाच नियम होता. मी माझ्या वहीचं एक पान फाडलं, त्यावर भोकं का बुजली आणि बोळा कसा घालायचा ते सगळं लिहिलं, खाली ठसठशीत सही केली, आणि त्यांच्या हातात दिलं. "हे लावा तुमच्या रकान्यात," मी म्हणाले.

अंबडकडं मला कुणी बोलावलं नाही. आमच्या गावाला पुढची यादी आली नाही. नाही तर नाही! त्यांनी साचा परत मागितला, तो दिला. पण देण्याआधी परतूरच्या पत्रेवाल्याकडं नेऊन तसाच दुसरा करून घेतला होता. आता कुणाची माहेरवाशीण येते, चूल बघते आणि मला तिच्या गावाला घेऊन जाते. पिशवीत साचा असतो आणि चिंध्या गुंडाळलेल्या चार तुराट्या. चूल बांधायच्या आधी मी त्या घरच्या बाईपुढं बसते आणि विचारते, तू रोज काय करतेस ते मला आधी करून दाखव. दरवेळी काहीतरी असं निघतं, जे मला माहीत नसतं.

परवा सकाळी मी भाकरी करत होते. हो, आता कधी कधी करू देतात. आत्याबाई चुलीच्या पलीकडं बसून लसूण सोलत होत्या. अचानक हात थांबवून माझ्याकडं बघत बसल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुझ्या भांगापाशी पांढरा केस दिसून राह्यलाय."

"एक?"

त्या थोड्या पुढं वाकल्या. मधे चूल पेटलेली होती.

"तीन," त्या म्हणाल्या.